बिलात विंडोज 11 प्रो, संगणकात एलटीएससी : 11 संगणकांच्या परवान्यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग

विषय : बिलाप्रमाणे परवाना न देणे, बेकायदा ॲक्टिव्हेशन करणे आणि अँटिव्हायरस निकामी करणे याबाबत.

महोदय,

आमच्या करसल्लागार कार्यालयासाठी आपल्याकडून 11 डेस्कटॉप घेतले. बिलात संगणकांखेरीज स्वतंत्र नोंद आहे : ‘विंडोज 11 प्रो, ओईएम परवाना, 11 नग, दर ₹9,800’. (ओईएम म्हणजे नव्या संगणकासोबत मिळणारा परवाना.) 18 टक्के जीएसटी धरून या एका नोंदीचे ₹1,27,204 आम्ही पूर्ण चुकते केले आहेत. प्रत्यक्षात एकाही संगणकावर विंडोज 11 प्रो नाही. अकराही संगणकांवर विंडोज 10 एंटरप्राइज एलटीएससी 2021 ही मोठ्या संस्थांसाठीची, दीर्घकाळ न बदलणारी आवृत्ती टाकलेली असून तिचे ॲक्टिव्हेशन, म्हणजे परवान्याची मान्यता, खोटे आहे.

आपल्या तंत्रज्ञाला हे पाच मिनिटांत पडताळता येईल. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून परवान्याची माहिती दाखवणारी ‘एसएलएमजीआर’ कमांड ‘डीएलव्ही’ पर्यायासह चालवावी. खरा ओईएम परवाना असता तर तिथे ‘ओईएम’ने सुरू होणारे चॅनेलचे नाव आले असते. आमच्याकडे ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ येते, मुदत 259200 मिनिटे म्हणजे 180 दिवस दिसते आणि केएमएस सर्व्हरचा पत्ता 127.0.0.2 असा येतो. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची ॲक्टिव्हेशनची सोय आहे. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर लागतो आणि किमान 25 संगणकांनी मागणी नोंदवल्याशिवाय तो विंडोजचा एकही संगणक ॲक्टिव्हेट करत नाही. आमच्याकडे संगणक अकरा, सर्व्हर एकही नाही. 127 ने सुरू होणारा पत्ता त्याच संगणकाचा असतो. म्हणजे प्रत्येक संगणकात एक खोटा सर्व्हर बसवला आहे आणि तोच त्या संगणकाला मान्यता देतो आहे.

हा खोटा सर्व्हर टिकावा म्हणून जे केले आहे ते आम्हाला परवान्यापेक्षाही गंभीर वाटते. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ उघडल्यावर प्रोग्राम डेटाखालचा एक आख्खा फोल्डर विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळलेला दिसतो. ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘सिस्टिम’ खात्याच्या अधिकाराने चालणारे एक काम आहे आणि ते त्याच फोल्डरमधली फाइल सुरू करते. कुणी लिहिली, कुठून उतरवली याचा पत्ता नसलेली ही फाइल संगणकावरच्या सर्वोच्च अधिकाराने चालते आणि अँटिव्हायरसला तिच्याकडे पाहायची मनाई आहे. याच संगणकांवर आमच्या ग्राहकांचे पॅन, आधारच्या प्रती, बँकेचे उतारे आणि विवरणपत्रांचे पासवर्ड आहेत. त्या माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी आमच्यावर येते. ‘विक्रेत्याने टाकून दिले’ हे उत्तर आम्ही ग्राहकाला देऊ शकत नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने सांगितले की प्रायव्हसीसाठीच मुद्दाम एलटीएससी दिले, ते प्रोपेक्षा महाग आहे आणि 2032 पर्यंत चालेल. यात जे खरे आहे ते आम्ही नाकारत नाही. एलटीएससीमध्ये स्टोअर नसते, जास्तीची ॲप्स नसतात आणि डायग्नोस्टिक डेटा (संगणकाबद्दल मायक्रोसॉफ्टकडे जाणारी माहिती) पूर्ण बंद करण्याची पॉलिसी एंटरप्राइज व एज्युकेशन आवृत्त्याच मानतात. प्रोमध्ये तीच पॉलिसी शून्यावर ठेवली तरी ‘आवश्यक’ पातळीचा डेटा जातोच. पण 13 जानेवारी 2032 ही तारीख आयओटी एंटरप्राइज एलटीएससी 2021 या विशिष्ट कामाच्या यंत्रांसाठीच्या वेगळ्या आवृत्तीची आहे. आपण टाकलेल्या साध्या एंटरप्राइज एलटीएससी 2021 चे अपडेट 12 जानेवारी 2027 रोजी थांबतात. आणि मायक्रोसॉफ्टकडे जाणारा डेटा थोडा कमी करण्यासाठी अनोळखी फाइलला सगळा संगणक मोकळा करून देणे, याला प्रायव्हसी म्हणता येणार नाही.

समजा आपण उद्या एलटीएससीचे खरे व्हॉल्यूम परवाने (संस्थांना एकगठ्ठा मिळणारे) आणून दिले, तरी प्रश्न सुटत नाही. ते परवाने अपग्रेडचे असतात, खाली पात्र मूळ परवाना लागतो. पॉवरशेलमधून मदरबोर्डच्या फर्मवेअरमधल्या (कारखान्यात भरलेल्या सॉफ्टवेअरमधल्या) मूळ कीचे, म्हणजे परवाना क्रमांकाचे वर्णन वाचले तर ‘कोअर सिंगल लँग्वेज, ओईएम डीएम’ असे येते. म्हणजे कारखान्यातून या संगणकांसोबत विंडोज 11 होम सिंगल लँग्वेज आले होते. आमच्यासारख्या व्यावसायिक ग्राहकासाठी होम हा पात्र परवाना नाही. शिवाय होम सिंगल लँग्वेजवर दुसरी डिस्प्ले भाषा जोडता येत नाही, डोमेनला (कार्यालयाच्या एकत्रित नेटवर्कला) जोडता येत नाही, ग्रुप पॉलिसी (नियम एकत्र ठरवण्याची सोय) नाही, डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरचे पूर्ण नियंत्रण नाही. मराठी डिस्प्ले आणि बिटलॉकर या दोन गोष्टींसाठीच आम्ही प्रो मागितले होते. डायग्नोस्टिक डेटा ‘आवश्यक’वर ठेवणे, जाहिरात आयडी बंद करणे, सेटअपच्या वेळी ‘कार्यालय किंवा शाळा’ निवडून डोमेन जॉइनच्या पर्यायाने स्थानिक खाते तयार करणे, हे सगळे प्रोवर होते. आमच्या गरजेला तेवढे पुरेसे आहे.

म्हणून आमची मागणी अशी. अकराही संगणकांसाठी विंडोज 11 प्रोचे खरे परवाने द्यावेत. ओईएम परवाना नव्या संगणकासोबत यायचा असतो आणि त्याच मदरबोर्डला बांधलेला राहतो, त्यामुळे आता रिटेल परवानेच लागतील. फरकाची रक्कम आपण सोसावी. नुसती की ई-मेलने पाठवू नये, प्रत्येक परवान्याची खरेदी पावती सोबत हवी. इन्स्टॉलेशन आमच्या कार्यालयात, आमच्यासमोर, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तिथेच उतरवलेल्या फाइलने व्हावे. आपली तयार इमेज (आधीच बनवलेली विंडोजची प्रत) चालणार नाही, फक्त परवान्याची की बदलून भागणार नाही, डिस्कवरची सगळी पार्टिशन काढूनच सुरुवात करावी. तंत्रज्ञाला एक गोष्ट आधी सांगून ठेवावी : फर्मवेअरमध्ये होमची की असल्याने सेटअप आवृत्ती न विचारता होमच टाकतो. ते टाळायला पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरमध्ये आवृत्ती ठरवणारी ‘ईआय.सीएफजी’ फाइल ठेवावी, किंवा होम टाकून झाल्यावर सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथून प्रोची की द्यावी. शेवटी प्रत्येक संगणकावर ‘डीएलव्ही’चा निकाल छापून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

बसवलेली फाइल कोणती व कुठून आणली, हेही आम्हाला लेखी हवे. ते कळल्याशिवाय ग्राहकांना काय सांगायचे हे आम्हाला ठरवता येत नाही.

कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 63ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा वापरणाऱ्याचाही गुन्हा आहे. आता आम्हाला माहीत झाले आहे, म्हणून अकराही संगणक बंद करून नेटवर्कवरून काढले आहेत आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलले आहेत. विवरणपत्रांचे काम सध्या दोन जुन्या लॅपटॉपवर चालले आहे, त्यामुळे फार थांबणे आम्हाला शक्य नाही. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत वरीलप्रमाणे काम करावे किंवा ₹1,27,204 परत करावेत. अन्यथा वकिलामार्फत नोटीस पाठवू.

आपला,
करसल्लागार कार्यालयाच्या वतीने

सोबत : बिलाची प्रत, अकरा संगणकांच्या ‘डीएलव्ही’ निकालांची छायाचित्रे, एक्सक्लूजन्स व टास्क शेड्यूलरच्या पडद्यांच्या प्रती.