चेरी स्प्रिंग्सच्या अंधारातल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि चेहरा तर बघितलाच नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय, कोणीतरी ओळखून तुमच्यापर्यंत पोचवेल. खूण सांगते. १२ ऑगस्टची रात्र, पेनसिल्व्हेनियातलं चेरी स्प्रिंग्स, आणि उल्कावर्षाव बघायला येऊन काळोख्या मैदानात मोबाईलचा टॉर्च लावून चटई पसरणारं एक मराठी कुटुंब. ते येडे आम्ही.

"ओ भाऊ, तो टॉर्च बंद करा आधी, लोक इंग्लिशमधे शिव्या घालतायत तुम्हाला!" अंधारातून हे आलं तेव्हा नवरा असला दचकला की मोबाईल गवतात पडला, तोही टॉर्चचं तोंड वर करून. मला खरंतर रागच आला होता तुमचा, पण नंतर कळलं की तिथे पांढऱ्या लाईटला बंदीच आहे, नुसता लाल चालतो.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून जवळजवळ पाच तास गाडी हाणत आलो होतो, कुठेतरी वाचलेलं तासाला १०० उल्का दिसतात, लेकीला सांगून ठेवलेलं की दिवाळीसारखं असतं, आणि पहिला अर्धा तास काही म्हणजे काहीच नाही, ती रडकुंडीला आलेली, नवरा म्हणतोय ढग आलेत चला परत. तेव्हा तुम्ही हसलात. "अहो ढग कसले, आकाशगंगा आहे ती." मी डोंबिवलीत वाढले, कॉलेजात असताना एकदा वांगणीला आकाशदर्शनाला गेले होते तेवढंच, पण असा दुधाचा ओघळ डोक्यावर आडवा पसरलेला आयुष्यात बघितला नव्हता.

मग तुम्ही लाल जिलेटीन पेपरचा तुकडा काढलात, गणपतीच्या मखराला आणलेल्यातला उरलेला, त्याच्या चार घड्या घालून आमच्या टॉर्चवर रबरबँडने बसवून दिलात. म्हणालात डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात आणि एकदा स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून सुरू, आणि आम्ही तर दर दोन मिनिटांनी किती वाजले बघत होतो! ते १०० चं गणितही तुम्हीच सोडवलंत, की तो आकडा आकाश एकदम स्वच्छ आणि ययाति, म्हणजे या उल्का ज्यातून येताना दिसतात तो तारकासमूह, बरोब्बर डोक्यावर असेल तेव्हाचा, आत्ता तो ईशान्येला खाली आहे, मध्यरात्रीनंतर बघा. पावसात गाडी चालवताना पुढच्या काचेवरच जास्त थेंब आपटतात ना, तशी मध्यरात्रीनंतर आपली बाजू पृथ्वीच्या पुढच्या काचेवर येते. हे लेकीला इतकं पटलं की आता ती येईल त्याला सांगते.

शर्मिष्ठेच्या ताऱ्यांचा डब्ल्यू दाखवलात, त्याच्या खाली ययाति, बाजूला देवयानी. लेकीने विचारलं ययाति कोण, तर म्हणालात "ते आई सांगेल मोठी झालीस की." छान! आता रोज विचारते, मी टाळतेय.

आणि मग ती पहिली. ईशान्येकडून निघाली ती सावकाश, अख्खं आकाश ओलांडून पार दुसऱ्या टोकाला, मागे रेघ तशीच चमकत राहिली आणि सगळं मैदान एकदम "ओऽऽ". तुम्ही म्हणालात ययाति खाली असतानाच अशा लांबलचक दिसतात, वातावरणाला घासत जातात म्हणून. एवढं सगळं वाळूच्या खड्याएवढ्या कणांचं, सेकंदाला ५९ किलोमीटरने येतात, आणि ज्या धूमकेतूची ही धूळ तो १९९२ ला येऊन गेला, आता २१२६ मधे. लेक म्हणाली मी असेन तेव्हा. तुम्ही म्हणालात मग माझा नमस्कार सांग त्याला.

मधेच म्हणालात आपल्याकडे ऑगस्टात आभाळ कुठलं मोकळं, या उल्का गावाकडे कधी दिसल्याच नाहीत, तिकडे डिसेंबरातल्या जेमिनिड्सच बघायच्या. ते जरा वेगळ्याच आवाजात बोललात, मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

पहाटे दव पडून सगळं ओलं झालं तेव्हा तुमची ताडपत्री लेकीच्या अंगावर होती, ती ४३ मोजून झोपली. आम्हालाही कधी डोळा लागला कळलं नाही, जाग आली तेव्हा तुम्ही निघून गेला होतात, ताडपत्री इथेच ठेवून. आणि तुमचा चिवड्याचा डबा पण. स्टीलचा आहे, झाकणावर नाव कोरलंय पण घासून घासून नुसतं "सौ." वाचता येतं, काकूंचा असणार.

डबा रिकामा परत करायची पद्धत नाही आपल्यात. पुढच्या १२ ऑगस्टला त्याच कोपऱ्यात येतोय, टॉर्चला जिलेटीन लावूनच. बेसनाचे लाडू चालतील ना?