विषय : बेबी कार सीटच्या खोक्यावरील चुकीचा दावा व सदोष माहितीपत्रक

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ० ते १८ किलो वजनगटाच्या कार सीटच्या खोक्यावर ‘सर्व गाड्यांत बसते’ असे ठळक छापले आहे. सीटवरचे नारिंगी लेबल मात्र सांगते की गाडीला थ्री-पॉइंट बेल्टच (कमर आणि खांदा दोन्हींवरून जाणारा) हवा. लेबल खरे आहे, खोके खोटे.

आमच्या दारव्हा-दिग्रस भागात खेडोपाडी धावणाऱ्या जुन्या जीपगाड्यांत अनेकदा मधल्या सीटवर नुसता कमरेचा पट्टा असतो आणि मागे समोरासमोर बाक. कमरेच्या पट्ट्याने ही सीट फक्त बुडाशी धरली जाते. करकचून ब्रेक लागला की वरचा भाग लेकरासकट पुढे झेपावतो. बाकावर तर ती बांधूच नये, कारण गाडीच्या दिशेला आडवी बसवण्यासाठी तिची रचना नाहीच. खोके वाचलेला माणूस नेमका तिथेच बांधेल.

माहितीपत्रक त्याहून वाईट. बाळाचे तोंड मागे असताना बेल्ट निळ्या खुणांतून आणि पुढे असताना लाल खुणांतून जातो. पत्रकातली चित्रे काळी-पांढरी, त्यामुळे दोन्ही खुणा सारख्याच दिसतात. तिसऱ्या चित्रात तर तोंड मागे असलेल्या सीटचा बेल्ट लाल मार्गातून नेला आहे! खरे म्हणजे कमरेचा भाग बाळाच्या पायांकडच्या निळ्या खाचांतून जायला हवा आणि खांद्याचा भाग सीटच्या पाठीला वळसा घालून. यासाठी बेल्ट बराच लांब लागतो. तो पुरत नसेल तर ती सीट त्या गाडीत तशी वापरू नये, एवढे एक वाक्यही पत्रकात नाही.

बाळाला सीटमध्ये बांधणारे खांद्याचे पट्टे दोन्ही वेळी ‘खांद्याच्या वर’ ठेवा, असे लिहिले आहे. हेही चूक. तोंड मागे असताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत, नाहीतर धडकेत बाळ पाठीवरून वर सरकते.

चालू एअरबॅगसमोर मागे तोंड करून सीट ठेवू नये, हा इशारा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. तो पहिल्या पानावर हवा. बेल्टच्या मार्गाजवळ धरून हलवल्यावर सीट अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलू नये आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत येऊ नये, या दोन सोप्या तपासण्या कुठेच नाहीत. आमच्या पांदण रस्त्यांवर धक्क्यांनी बेल्ट सैल पडू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी तपासणे भाग आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. उभ्या गाडीतल्या बकलचा धातू बाळाला पोळतो, तेही लिहा.

१४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा सीटविना नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १,००० रुपये दंड आहे. लोक आता सीट घेऊ लागलेत, तेव्हा माहिती बिनचूक हवी.

सीट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, खोक्यावरचा दावा काढावा आणि मराठीत रंगीत, दुरुस्त पत्रक आधीच्या ग्राहकांनाही पाठवावे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू.

आपला ग्राहक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सोबत : बिलाची प्रत, खोके, लेबल व तिसऱ्या चित्राचे फोटो