तिला वाद घालायला समोर माणूस हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत शिकते. २०२४ साली सांगलीतून अपक्ष खासदार निवडून आला, त्या मतमोजणीच्या दिवशी ती फेरीनिहाय आकडे वहीत उतरवत बसली होती. तेव्हापासून तिचं हे वेड वाढतच गेलंय. गणितात ती पुढे आहे, त्याचं सगळ्यांना कौतुक. राजकारणाचं नाव काढलं की मात्र, ‘तुझं वय आहे का हे?’

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला ती पांघरुणात मोबाइल घेऊन बसलेली सापडली. कुणीतरी लिहिलं होतं, अपक्षाचं काय, तो उद्या हव्या त्या पक्षात जाईल. हिचं उत्तर होतं : घटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदीच्या नियमांप्रमाणे, अपक्ष निवडून आलेला सदस्य नंतर पक्षात गेला तर अपात्र ठरतो, नुसता पाठिंबा देता येतो. मी दुसऱ्या दिवशी पडताळून पाहिलं. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीतली ही तरतूद तिने अचूक सांगितली होती. समोरच्या माणसाने त्यावर अक्षरही लिहिलं नाही. त्याने विचारलं, ‘आधी आडनाव सांग.’ मग आणखी चौघे आले. पुढचा मजकूर इथे लिहिण्यासारखा नाही.

ती मला म्हणाली, ‘‘आई, पक्षांतराचा आणि आडनावाचा काय संबंध?’’

मी मोबाइल काढून घेतला. आठ दिवस घर शांत होतं, पण ती जेवतानाही बोलेना, तेव्हा माझं चुकलं हे कळलं. तिचंही चुकलं होतं. खातं उघडताना तिने जन्मसाल खोटं टाकलं होतं. नियमांवर हुज्जत घालणारी मुलगी स्वतः नियम मोडते, यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. ते खातं तिने स्वतःच बंद केलं. आता इंटरनेटवर वाचायचं ते बाहेरच्या खोलीत, नऊच्या आत.

एवढ्याने भूक भागत नाही. माझे वडील पलूस तालुक्यातले. इंग्रजांच्या राज्यात गावकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या प्रतिसरकारच्या काळातल्या, १९४३ नंतरच्या न्यायदान मंडळांच्या गोष्टी त्यांनी घरातल्या थोरांकडून ऐकलेल्या. गावातला तंटा गावातच, दोन्ही बाजूंना समोर बसवून मिटवायचा, हे त्यांनी तिला सांगितलं आणि सुट्टीत ग्रामसभेला नेलं. मत द्यायचा हक्क नाही म्हणून ती मागे भिंतीला टेकून बसली. गटाराच्या कामावरून दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. सभा संपल्यावर तेच दोघे एका गाडीवर बसून घरी गेले. संध्याकाळभर ती तेवढंच सांगत होती. कुणी कुणाला आडनाव विचारलं नव्हतं, सगळ्यांना सगळ्यांची माहीतच होती आणि तरी वाद गटाराचाच राहिला, हे तिने टिपलं. मी टिपलं नसतं.

पुण्यात बुद्धिमान मुलांसाठी ज्ञानप्रबोधिनी १९६२ साली उभी राहिली. आपल्याकडे शिष्यवृत्तीचे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण घटना वाचणाऱ्या मुलाने जायचं कुठे? शाळेत विचारलं तर ‘नागरिकशास्त्राला गुण किती असतात?’ असं उत्तर मिळालं. शहरातल्या वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अशा मुलांना द्यावी. एखाद्या निवृत्त वकिलाने किंवा प्राध्यापकाने त्यांच्याशी मनापासून वाद घालावा, लहान म्हणून सोडून देऊ नये. महापालिकेची सर्वसाधारण सभा मुलांना बसून बघता यावी.

आणि आपल्याला एक विनंती. या पानावर महिन्यातून एकदा अठराच्या आतल्या वाचकांची पत्रं छापा. मोठ्यांच्या पत्रांसारखीच तपासून घ्या, चूक असेल तर परत पाठवा. आमच्या घरून एक येईल. विषय शामरावनगरातलं पावसाळी पाणी. तिसरा खर्डा चालू आहे. खाली नुसतं नाव लिहिलं तर चालेल का, असं तिने विचारायला सांगितलंय.

– एक आई, विश्रामबाग, सांगली