टिनाखालचा भाडेकरू आणि विजेचे बिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत नुकतीच झाली, सकाळी गावात अजून शेकोट्या पेटतात, आणि मी उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे. याला कारण आहे. छपराचे काम थंडीतच होते. मार्च लागला की टिनावर पाय ठेवायला कारागीर मिळत नाही.

वरोरा तालुक्यातल्या एका गावात मी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते, शिवणकाम करते. वर टिन आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो हे मी वेगळे सांगायला नको. सकाळी ऊन चढले की टिन टक-टक वाजू लागते आणि दुपारी मशीनवर बसले की आग डोक्यावर उतरते. तेव्हाच लग्नसराई असते. रेशमी ब्लाऊजवर घामाचा एक थेंब पडला तरी डाग उमटतो आणि गिऱ्हाईक कापड परत करते. म्हणून दोन्ही मनगटांना जुन्या कापडाच्या पट्ट्या बांधून मी शिवते. ‘गरज असेल तेव्हाच कूलर लावा’ असे सल्ले वाचले की वाटते, सांगणाऱ्याने नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, एक दुपार टिनाखाली काढावी.

साधा लोखंडी कूलर 180 वॅटचा धरला आणि दिवसरात्र मिळून 16 तास चालला, तर रोजचे जवळपास 3 युनिट होतात, म्हणजे महिन्याला 85 ते 90. जुना पंखा 75 वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवीन बीएलडीसी पंखा साधारण 30. पंखा मी बदलला, कारण घर सोडताना तो काढून नेता येतो. कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवते. हवा बाहेर पडली नाही तर खोलीत नुसती उमस होते. आमच्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे पाणी झिरपते त्या बाजूच्या जाळ्यांवर, पांढरे क्षार चढतात आणि हवा अडते, तेव्हा त्या काढून धुते, नाहीतर बदलते. एवढे भाडेकरूच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट केली, ती सविस्तर सांगते, कारण कुणाच्या तरी कामी येईल. खताची रिकामी पोती धुऊन, उसवून, एकाला एक जोडून मी खोलीभर छत शिवले. कडेने दुहेरी घडी घालून तिच्यातून दोरी ओवली आणि ते टिनाच्या खाली हातभर अंतर सोडून ताणले. दोन्ही टोकांना भिंतीच्या वरच्या झरोक्यातून वारा खेळतो, त्यामुळे टिनाखाली तापलेली हवा तिथूनच निघून जाते. पहिल्याच दुपारी फरक कळला. कूलर उशिरा लावावा लागतो आणि रात्री लवकर बंद करता येतो. पोती पेट घेतात, म्हणून वायर आणि चूल या दोन्हींपासून ती लांब ठेवलीच पाहिजेत. माझी गॅसची शेगडी दुसऱ्या खोलीत आहे, तिथे हे छत मी लावलेले नाही.

पण खरा उपाय वरच आहे. टिन खरवडून, गंज काढून, प्रायमर देऊन त्यावर पांढरा परावर्तक रंग मारला तर ऊन आत येण्याआधीच परत फिरते. स्लॅबच्या घराला चुना चालतो, टिनावरचा चुना मात्र पहिल्या पावसात धुऊन जातो. हा खर्च करायचा कुणी? मालक म्हणतात, बिल तुम्ही भरता, मी रंग का मारू? आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी मी दुसऱ्याच्या छपरावर पैसे कसे घालू? या वादात टिन तसेच तापत राहते. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे धोरण आणले. तिथले आणि इथले ऊन काही वेगळे नाही.

दुसरी गोष्ट मीटरची. आमच्या घरात मालक आणि तीन भाडेकरू एकाच मीटरवर आहेत, आम्हाला प्रत्येकाचा वापर मोजणारे मालकाचे सबमीटर आहेत. विजेचा दर टप्प्याने चढतो: पहिले 100 युनिट सर्वांत स्वस्त, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, त्यापुढे सर्वांत महाग. चार घरांचा वापर एकत्र झाला की उन्हाळ्यात आकडा 500 पार जातो. मग मालक वरच्या दराने सगळ्यांचे युनिट मोजतात. माझा वापर एकटीचा पाहिला तर तो दुसऱ्या टप्प्यातच राहतो. म्हणजे मी कूलर कितीही जपून वापरला तरी स्वस्त युनिट माझ्या वाट्याला येतच नाहीत. माझ्या मते बिलातला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जागेचा मालक किंवा भोगवटादार (म्हणजे तिथे राहणारा), कुणीही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकतो. प्रत्यक्षात वीज कार्यालयाने मला मालकाचे संमतिपत्र आणा म्हणून परत पाठवले. मालकाला भीती ही, की भाडेकरूच्या नावाने मीटर आले तर उद्या ती घरावर हक्क सांगेल. वीजबिल हा मालकीचा पुरावा नाही, हे त्यांना कुणीतरी अधिकाराने सांगायला हवे. घर सोडताना मीटर बंद करून द्यायचे, असे करारात लिहून द्यायला मी आजही तयार आहे.

26 जानेवारीला गावोगावी ग्रामसभा आहेत. टिनाच्या घराला पांढरा रंग मारणाऱ्या मालकाला घरपट्टीत सवलत मिळावी, असा ठराव ग्रामसभांनी करून वर पाठवावा. आणि वीज कार्यालयाने तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी भाडेकरूंचे अर्ज घेण्यासाठी एक टेबल लावावे. मालकांनाही तिथे बोलवावे. आमच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. इतर गावांतल्या भाडेकरू बायांनीही मांडावा, फेब्रुवारी संपायच्या आत कामे सुरू होतील.

आपली,
एक शिवणकाम करणारी भाडेकरू,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर