अकलची खोडे आणि अडकलेले विधेयक: केंद्रीय खाण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय खाण मंत्री,
स. न. वि. वि.

डिसेंबर 2022 मध्ये आपल्या मंत्रालयाने भूवारसा स्थळे (पृथ्वीचा इतिहास सांगणाऱ्या जागा) आणि भू-अवशेषांच्या (जीवाश्म, खडक वगैरे) जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला, लोकांकडून सूचना मागवल्या. सूचना गेल्या. कायदा मात्र झाला नाही. नासधुशीबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, सगळे मसुद्यातच राहिले. तोवर राजस्थानातल्या अकल गावी, दगड झालेल्या प्राचीन खोडांजवळून उचलली जाणारी प्रत्येक ढलपी कायमची जाते, कारण ती कोणत्या खोडाची हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

जैसलमेरहून बाडमेर रस्त्याने सुमारे 17 किलोमीटरवर अकल आहे. 21 हेक्टरची उघडीबोडकी टेकडी, तिच्यावर पंचवीसेक खोडे, वय अंदाजे 18 कोटी वर्षे. फुलझाडांचे राज्य येण्याआधीचे, सूचिपर्णी वृक्षांचे हे जंगल. खोडे गाळात लवकर गाडली गेली, सिलिका विरघळलेले भूजल पेशीपेशीत झिरपले आणि लाकूड कुजायच्या आधी त्याचा दगड झाला. सकाळी ऊन तिरके असताना तुटलेल्या टोकाशी बसून पाहावे. लाकडाचा पोत इतका स्वच्छ दिसतो की हात लावेपर्यंत दगड वाटत नाही.

साहेब, लोखंडी जाळी आणि वर पत्रा म्हणजे जतन नव्हे. सिलिका कठीण असते, चाकूने ओरखडा उठत नाही, पण ती ठिसूळही असते. दिवसा तापून रात्री गार पडताना बारीक चिरा रुंदावतात. पावसाचे पाणी त्यांत शिरते, सुकताना क्षार जमून फुगतात आणि कपचे सुटतात. खोडाभोवती उतार न देता सिमेंटचा ओटा केला तर पाणी तिथेच तुंबते, आणि सिमेंटमधले क्षार त्यात भर घालतात. जाळी गंजली की गंजाचे ओघळ खोडावर उतरतात. सगळ्यात वाईट म्हणजे चिरेत सिमेंट भरणे. ते पुन्हा काढता येत नाही, काढायला गेले तर खोडच फुटते. चीर सांधायची असेल तर पुढे विरघळवून काढता येईल असे अॅक्रिलिक राळेचे द्रावण, तेही प्रशिक्षित माणसाच्या हातून.

आधी प्रत्येक खोडाला क्रमांक द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा, म्हणजे चीर किती वाढली ते कळेल. खोडाभोवती जाड वाळूचा थर आणि पाणी बाहेर काढणारा उतार करा. गंजणारे लोखंड खोडापासून दूर न्या. सुटलेल्या ढलप्या त्याच खोडाच्या क्रमांकाच्या डब्यात ठेवा. यातले एकही काम अवघड नाही. तरीही ही किमान गोष्ट मागायला नागरिकांना पत्र लिहावे लागते, याची चीड येते.

कारण जबाबदारीच वाटली गेली आहे. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवणार भूवैज्ञानिक सर्वेक्षण, टेकडी सांभाळणार वन विभाग. पुरातत्त्वाचे कायदे मुख्यतः माणसाने घडवलेल्या वस्तूंसाठी, जीवाश्म त्यांत बसत नाहीत. याच जैसलमेरजवळ जेठवाईत सापडलेल्या, सुमारे 16.7 कोटी वर्षांपूर्वीच्या थारोसॉरस इंडिकस या डायनासोरची नोंद 2023 मध्ये जगापुढे आली. आनंद सगळ्यांनाच झाला. पण असे पुढचे हाड ज्या खडकात असेल, त्या खडकाला आज कोणता कायदा हात लावू देत नाही, ते कृपया सांगा.

आणि मसुद्यात सगळे अधिकार आपल्याच मंत्रालयाच्या सर्वेक्षणाकडे होते. खनिज काढणे हे ज्या मंत्रालयाचे मुख्य काम, त्यानेच खडक राखायचा, ही तजवीज आम्हाला मान्य नाही. स्वतंत्र प्राधिकरण हवे, त्यात राज्य सरकार, जीवाश्मशास्त्रज्ञ आणि त्या गावची माणसे हवीत.

विधेयक कोणत्या अधिवेशनात मांडणार, ते सांगा. खोडांना क्रमांक मात्र येत्या पावसाळ्याच्या आत द्या, त्यासाठी कायदा लागत नाही.

आपले,
जीवाश्म जपू पाहणारे नागरिक