जांभ्याला सिमेंट फासू नका

संपादक महोदय,

मे महिन्यात चाकरमानी गावच्या जुन्या घराची डागडुजी काढतात आणि आधी जांभ्याच्या (तांबड्या दगडाच्या) भिंतीला सिमेंटचा गिलावा फासतात. जांभा पाणी शोषतो; सिमेंट ते बाहेर पडू देत नाही. मग पोपडे सुटतात, महागडा रंग वाया! १ भाग चुना, ३ भाग चाळलेली वाळू असा गिलावा करून आठवडाभर ओला ठेवावा. वर चुन्याचे दोन-तीन पातळ हात. त्यात डिंक घातला की पांढरे हाताला लागत नाही. मात्र पहिला खर्च छपरावर. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. फुटलेली तेवढीच बदलावीत. रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, टोचून पाहाव्यात, वाळवीने पोखरलेली रीपही वरून धडधाकट दिसते. सजावटीचे म्हणाल, तर माजघरातला झोपाळा जवसाच्या तेलाने पुसला तरी उजळतो.

— एक वाचक, दादर, मुंबई