कूलर बंद करून टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

शेजाऱ्याच्या घरी टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, बसवायला आला होता तुम्ही, आणि मी कुंपणावरून हाक मारली होती. घाटंजी तालुका, टिनाचं घर, दारात निंब. एवढ्यावरून ओळखाल. नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं भाऊ म्हणतो.

भाव वाढेल म्हणून होळीपर्यंत कापूस घरातच भरून ठेवला होता. तो विकला आणि पाडव्याला ४३ इंची टीव्ही आणला. मायनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बातम्या लावल्या तर बाईच्या तोंडावर रवा सांडल्यासारखा. जुन्या २१ इंची डब्ब्यात असं कधी दिसलं नव्हतं. मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतरच झालेलं. ती कोणाला काही बोलली नाही, पुन्हा थेंब टाकायला लागली. चार दिवसांनी म्हणे, "मले झामल झामलच दिसते रे. ऑपरेशन वाया गेलं वाट्टे."

आम्हालाही तो रवा दिसतच होता, पण तिला पटेना.

मग सल्ले सुरू झाले. पुतण्या टिनावर चढला, छत्री हलवली आणि होतं नव्हतं तेही गेलं. पुन्हा आग्नेयेकडे नेमकी वळवेस्तोवर दिवस बुडाला. टीव्ही घेतला तिथला पोट्टा म्हणाला, फोर-के, म्हणजे याच्या चौपट ठिपक्यांचा टीव्ही, घ्यायला पाहिजे होता. म्हणजे आणखी एका वर्षाचा कापूस!

तुम्ही टिनावर चढलाच नाही. रिमोट घेऊन सेटटॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलची पट्टी पाहिली आणि म्हणालात, "छत्रीचा दोष असता तर चित्राच्या चौकटी पडल्या असत्या, अटकलं असतं, नाहीतर काळं झालं असतं. डिजिटलमध्ये छत्रीमुळं रवा पडत नाही." मग खिडकीकडं बघत कूलरचं बटण बंद केलं. निम्मा रवा गेला. चालू केलं, परत आला. बंद, चालू, बंद. माय खाटेवरून उठून टीव्हीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

बॉक्सची वायर आणि कूलरची वायर मीच एका खिळ्याला गुंडाळली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. बॉक्सच्या वायरीची पिवळी पिन हिरवी पडलेली. तुम्ही ती शर्टाला पुसून दाखवली आणि समजावलं की या एका तारेतून रंग आणि उजेड दोन्ही एकत्रच येतात, वरची जाळी जीर्ण झाली की बाहेरची खरखर आत शिरते. ३६ हजार किलोमीटरवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून धड आलेलं चित्र आमच्या घरात शेवटच्या दीड मीटरमध्ये नासत होतं. हे मी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

पिशवीतला एचडी बॉक्स काढून एचडीएमआय वायरनं जोडलात. मग सेटिंगमध्ये शिरलात. 'व्हिव्हिड' काढून 'स्टँडर्ड' केलं. तो भडकपणा दुकानातल्या उजेडासाठी असतो म्हणे. शार्पनेस पार खाली आणला. मला वाटे शार्पनेस जास्त म्हणजे चित्र साफ. तो तर कडा कोरतो आणि सोबत दाणाही कोरतो!

त्यानंतर जे बोललात त्यासाठी हे पत्र आहे. दुसरा असता तर इथं थांबून पैसे घेऊन गेला असता. तुम्ही म्हणालात, "सगळं साफ होणार नाही. दूरदर्शनच्या फुकटच्या फ्री डिशवरचे बहुतेक चॅनल साधे आहेत, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. तुमचा पडदा १९२० बाय १०८०चा. एका ठिपक्याला पाच ठिपक्यांची जागा भरायची, तर टीव्ही अंदाजानंच भरणार. फोर-के घ्याल तर आणखी ताणेल." २१ इंचीच्या जवळपास चौपट पडदा, अन् आम्ही बसायचो त्याच जागी, चार हातांवर. तुम्ही आणि मी मिळून मायची खाट मागच्या भिंतीला लावली. खाटेवर तांदूळ निवडायला ठेवलेला, तो थोडा सांडला, त्याबद्दल माय तुमच्यासमोरच बोलली, ते मनावर घेऊ नका. दूरदर्शनचा एचडी चॅनल लावला तेव्हा मात्र तीच म्हणाली, "हे पाय, साडीचा काठ दिसते." तुम्ही म्हणालात, "आजी, डोळे चांगले आहेत तुमचे." डॉक्टरनं दोनदा सांगून तिला पटलं नव्हतं.

थेंब बंद झाले. रात्री साडेनऊपर्यंत बघते आणि कूलर लावायचा की नाही यावर माझ्याशी भांडते, वायरी वेगळ्या केल्या तरी. जुनी वायर तिनं दोडक्याच्या वेलाला बांधली.

वायरीचेच तेवढे पैसे घेतले तुम्ही, बॉक्सचे "सवडीनं द्या" म्हणून गेलात. ते तयार आहेत. आंबे पिकले की या, माय सरगुंडे करणार आहे रसासोबत. शेजाऱ्याची छत्री वाऱ्यानं पुन्हा हलली आहे, तेही काम निघेल.

तुमचा,
निंबाच्या घरचा